निवळ पाणी आणि मेलेले मासे : टाकीच्या फिल्टरची चिकित्सा

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी किंवा घरासाठी माशांची टाकी घ्यायची ठरली की दुकानात दोन प्रश्न विचारले जातात. टाकी किती फुटी? आणि खर्च किती करायचा? या दोन उत्तरांवर फिल्टरचा खोका पुढे येतो. खोक्यावर काचेसारख्या पाण्यात पोहणाऱ्या माशांचे चित्र, ‘ताशी ५०० लिटर’ असा एखादा ठळक आकडा आणि यांत्रिक, रासायनिक, जैविक अशा तिहेरी गाळणीची ग्वाही असते. मासे कोणते ठेवणार, किती ठेवणार, पाणी विहिरीचे की नळाचे, वीज किती वेळ जाते, हे कोणी विचारत नाही. आमच्या मते फिल्टर कोणता घ्यायचा हे याच प्रश्नांनी ठरते. ते न विचारता घेतलेला फिल्टर महाग असो वा स्वस्त, पहिल्या पंधरवड्यात मासे मेलेले दिसतात आणि वर्गातल्या मुलांना आपण ‘हवा मानवली नाही’ असे काहीतरी सांगून मोकळे होतो.

घोटाळ्याची सुरुवात शब्दापासूनच होते. फिल्टर म्हणजे गाळणी, आणि गाळणी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चहाची गाळणी येते. पण मिठाचे पाणी चहाच्या गाळणीतून दहा वेळा गाळले तरी खारटच राहते. माशांचा जीव घेणारा अमोनिया पाण्यात मिठासारखाच विरघळलेला असतो. त्याला रंग नसतो आणि टाकीत असतो इतक्या कमी प्रमाणात वासही जाणवत नाही. म्हणूनच आरशासारखे निवळ पाणी प्राणघातक असू शकते आणि किंचित हिरवट पाण्यात मासे मजेत पोहत असतात. ‘पाणी स्वच्छ दिसते का?’ ही कसोटी दिवाणखान्याच्या शोभेसाठी ठीक आहे. माशांसाठी ती निरुपयोगी आहे.

हा अमोनिया येतो कोठून आणि किती, याचा हिशेब आठवी-नववीच्या मुलांनाही करता येईल. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीचे घनफळ २ घनफूट म्हणजे सुमारे ५६ लिटर. वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता ५० लिटर पाणी धरू. दिवसाला १ ग्रॅम खाद्य घातले आणि त्यात ४० टक्के प्रथिने असली, तर प्रथिने झाली ०.४ ग्रॅम. प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे ६४ मिलिग्रॅम. यातला निम्मा माशांच्या कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात बाहेर पडला असे मानले, तर रोज ३२ मिलिग्रॅम नायट्रोजन पाण्यात मिसळतो. लिटरमागे हे ०.६४ मिलिग्रॅम झाले. आठवडाभर काहीच केले नाही तर साडेचार मिलिग्रॅम. बहुतेक माशांना एवढा अमोनिया सोसत नाही, आणि पाणी अल्कधर्मी असेल तर मुळीच नाही.

या शेवटच्या अटीकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. अमोनियम आयन हे रूप बरेचसे निरुपद्रवी, तर मोकळ्या अमोनियाचे रेणू कल्ल्यांतून सहज आत शिरणारे आणि विषारी. कोणते रूप किती, हे पाण्याच्या सामूवर म्हणजेच पीएचवर आणि तापमानावर ठरते. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असताना मोकळा अमोनिया एकूण अमोनियाच्या सुमारे ०.६ टक्के असतो. सामू ८ झाला की तो ५ टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे जवळजवळ नऊपट. देशावरच्या काळ्या पाषाणातल्या विंधन विहिरींचे पाणी बहुधा कठीण आणि अल्कधर्मी असते. तेथे अमोनिया लवकर घात करतो. कोकणातल्या जांभ्याच्या विहिरींचे पाणी मृदू, थोडे आम्लधर्मी. तेथे संकट वेगळे आहे, त्याकडे पुढे येऊ. एकच खोका दोन्हीकडे तितकाच उपयोगी ठरेल असे मानण्याला आधार नाही.

मग फिल्टर नेमके करतो काय? याचे उत्तर १८७७ साली श्लेझिंग आणि म्युंट्स या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी दिले, तेही टाकीचा विचार न करता. त्यांनी वाळू आणि चुनखडीची पूड भरलेल्या उभ्या नळीतून गटाराचे पाणी हळूहळू ठिबकू दिले. पहिले कित्येक दिवस वरून जेवढा अमोनिया घातला तेवढाच खालून बाहेर येत राहिला. सुमारे २० दिवसांनी मात्र बाहेर पडणाऱ्या पाण्यात नायट्रेट दिसू लागले आणि अमोनिया घटत गेला. हे केवळ रासायनिक ऑक्सिडीकरण असते तर पहिल्या दिवसापासून व्हायला हवे होते. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. नायट्रेट तयार होणे थांबले आणि अमोनिया पुन्हा जसाच्या तसा बाहेर येऊ लागला. क्लोरोफॉर्म निघून गेल्यावर थोडी माती कालवलेले पाणी ओतले, तेव्हा काही दिवसांनी काम पुन्हा सुरू झाले. वाळूत काहीतरी जिवंत होते, हे यावरून सिद्ध झाले.

आमच्या मते टाकीच्या फिल्टरचे सगळे शास्त्र या एका प्रयोगात आहे. गाळणारी वस्तू वाळू असो, स्पंज असो की सिरॅमिकच्या कड्या, ती जिवाणूंचे घर आहे. घर बांधले म्हणजे लगेच वस्ती होत नाही. तिला काही आठवडे लागतात. वस्तीवर विष पडले की काम थांबते. आणि जुन्या वस्तीतला थोडा भाग आणून टाकला की नवी वस्ती लवकर उभी राहते.

यात एक गमतीचा योग आहे. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८४९-५० मध्ये एका काचपात्रात दोन लहान सोनेरी मासे, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि गोगलगाई ठेवून ‘समतोल’ टाकीची कल्पना मांडली. फिल्टर नव्हताच. त्याच्याच नावाचा त्याचा मुलगा इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात काम करत होता. अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट होते, आणि या दोन पायऱ्या वेगवेगळे जीव पार पाडतात, हे त्याने दाखवले. ते जीव वेगळे काढणे मात्र त्याला साधले नाही. ते १८९०च्या सुमारास विनोग्राड्स्कीने केले. बापाने टाकी दिली आणि लेकाने तिच्यातले अदृश्य कारागीर ओळखले, असे म्हणायला हरकत नाही.

त्या कारागिरांची नावे सांगताना मात्र शिक्षकांनी सावध राहायला हवे. नायट्रोजन चक्राच्या आकृतीत नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही जोडी ठरलेली असते. गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्यावर १९९६ आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू नायट्रोबॅक्टर नसून नायट्रोस्पायरा गटातले असल्याचे दिसले. २०११ मध्ये असे दिसले की अनेक टाक्यांच्या फिल्टरमध्ये पहिली पायरी जिवाणूंपेक्षा आर्किया या वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव अधिक प्रमाणात पार पाडतात. २०१५ मध्ये तर दोन्ही पायऱ्या एकटाच करणारा नायट्रोस्पायराचा प्रकार सापडला. त्याचा एक शोध मत्स्यपालनाच्या फिल्टरमधूनच लागला. तेव्हा बाटलीत भरून विकल्या जाणाऱ्या ‘जिवाणू द्रावणा’वर नायट्रोबॅक्टर असे लिहिलेले दिसले, तर पैसे देण्यापूर्वी थोडा विचार करावा. ओळखीच्या माणसाच्या निरोगी टाकीतला जुना स्पंज नव्या टाकीत पिळला तर तेच काम फुकटात आणि अधिक खात्रीने होते.

आता खोक्यावरच्या दाव्यांकडे वळू. ‘ताशी इतके लिटर’ हा आकडा पंप नवा, नळी मोकळी आणि पाणी वर चढवायचे नसताना मोजलेला असतो. प्रत्यक्षात स्पंज तुंबतो, पाणी फूट-दीड फूट चढवावे लागते आणि प्रवाह बराच घटतो. हा आकडा मुलांकडून तपासून घ्यावा. फिल्टरमधून पडणारे पाणी १ लिटरच्या बाटलीत धरायचे, सेकंद मोजायचे आणि ३६०० ला त्या सेकंदांनी भागायचे. दर आठवड्याला हेच करून आलेख काढला की स्पंज केव्हा धुवायचा हे आलेखच सांगतो.

पण खरी टीका या आकड्याच्या मागच्या समजुतीवर करायला हवी. टाकीतले पाणी ताशी चार-पाच वेळा फिरले पाहिजे, हा नियम छंदाच्या पुस्तिकांतून सूत्रासारखा सांगितला जातो. आधी ‘एकदा फिरले’ याचा अर्थ पाहू. ५० लिटरच्या टाकीतून ५० लिटर पाणी पंपाने ओढले म्हणजे सगळे पाणी फिल्टरमधून गेले असे नव्हे. गाळलेले पाणी न गाळलेल्यात मिसळत राहते, त्यामुळे गणिताने सुमारे ३७ टक्के पाणी एकदाही आत गेलेले नसते. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना घातांकी ऱ्हासाचे याहून सोपे उदाहरण मिळणार नाही.

आणि अमोनियासाठी एवढा वेग लागतो का? वरच्या हिशेबात रोज ३२ मिलिग्रॅम नायट्रोजन येतो. समजा फिल्टरमधून ताशी १०० लिटर, म्हणजे दिवसाला २४०० लिटर पाणी जाते आणि एका फेरीत फक्त पाचवा हिस्सा अमोनिया नाहीसा होतो. तरीसुद्धा टाकीतले प्रमाण लिटरमागे ०.०७ मिलिग्रॅमच्या आतच स्थिरावेल. ताशी दोनच फेऱ्या झाल्या तरी काम भागते. जास्त वेगाचा उपयोग तरंगती घाण गोळा करायला आणि पृष्ठभाग हलवून प्राणवायू मिसळायला होतो, हे खरे. पण लढाऊ मासा म्हणजे बेट्टा, किंवा गुरामी, हे संथ पाण्यातले आणि पृष्ठभागावर येऊन हवा घेणारे मासे. त्यांना असा झोत म्हणजे चोवीस तासांची शिक्षा. उलट सह्याद्रीच्या दक्षिण भागातल्या खळाळत्या नद्यांत राहणारा ‘मिस केरळ’ अर्थात डेनिसन बार्ब याला प्रवाह आणि भरपूर प्राणवायू हवा असतो. (हा मासा आता धोक्यात आलेल्या जातींत मोडतो; शाळेने तो विकत न घेतलेलाच बरा.)

‘रासायनिक गाळणी’ म्हणजे बहुधा सक्रिय कोळसा. तो पाण्याचा पिवळेपणा, वास आणि औषधांचे अवशेष धरून ठेवतो. अमोनिया किंवा नायट्रेट तो धरत नाही, आणि काही आठवड्यांत त्याची शक्ती संपते. रोजच्या टाकीला त्याची गरज नाही. टाकीला औषध देताना तर तो काढूनच ठेवावा लागतो.

आमचा सर्वांत मोठा आक्षेप आहे तो काडतुसासारख्या बदलायच्या गाळण्यांवर. टाकीच्या काठाला अडकवण्याच्या अनेक फिल्टरांबरोबर ‘गाळणी दर महिन्याला बदला’ अशी सूचना येते. गाळणी विकणाऱ्याचा त्यात फायदा आहे, हे उघड आहे. पण महिन्याभरात तिच्यावर जी वस्ती नुकतीच बसत असते तीच आपण कचऱ्यात टाकतो आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. अशा फिल्टरमध्ये साधा, भरड स्पंज कापून बसवावा आणि तो फाटेपर्यंत वापरावा. तो धुवायचा तोही नळाखाली नाही. नळाच्या पाण्यातला क्लोरीन आपल्यासाठी जिवाणू मारतो; स्पंजातले जिवाणू त्याला वेगळे ओळखू येत नाहीत. टाकीतलेच पाणी बादलीत काढून त्यात स्पंज दोन-तीनदा पिळावा, एवढे पुरे.

फिल्टरचे प्रकार बाजारात पुष्कळ दिसतात, पण निवड करताना एक कसोटी आपल्याकडे फार महत्त्वाची आहे आणि परदेशी पुस्तकांत तिला जवळजवळ जागा नसते : वीज गेल्यावर काय होते? नायट्रीकरणाला प्राणवायू फार लागतो. १ मिलिग्रॅम नायट्रोजनसाठी सुमारे ४.६ मिलिग्रॅम. आपल्या टाकीत रोज ३२ मिलिग्रॅमसाठी १४६ मिलिग्रॅम प्राणवायू हवा. ५० लिटर पाण्यात उन्हाळ्यातल्या ३० अंशाला जास्तीत जास्त विरघळू शकतो तो ३७८ मिलिग्रॅम, आणि त्यावर माशांचाही हक्क आहे. कॅनिस्टर म्हणजे टाकीबाहेरचा बंद डबा. त्याची क्षमता मोठी, आणि मोठ्या टाकीत, दाट माशांसाठी किंवा पाणवनस्पतींसाठी तो उत्तम काम देतो. पण वीज गेली की त्या डब्यात कोंडलेल्या पाण्यातला प्राणवायू जिवाणू काही तासांत संपवतात आणि मग स्वतःच मरू लागतात. वीज आल्यावर तेच कुजके पाणी टाकीत सोडले जाते. वीज बराच वेळ गेली असेल तर कॅनिस्टर उघडून धुतल्याशिवाय सुरू करू नये.

टाकीच्या झाकणावर बसणारा टॉप फिल्टर या बाबतीत बरा, कारण त्याचा ट्रे उघडा असतो आणि हवा मिळत राहते. तो उघडून साफ करणेही सोपे. सोनेरी माशांसारख्या खूप खाणाऱ्या आणि खूप घाण करणाऱ्या माशांसाठी आम्ही तो सुचवू.

वाळूखाली जाळीची पट्टी बसवणारा अंडरग्रॅव्हल फिल्टर आता कालबाह्य म्हणून हिणवला जातो. हे आम्हाला अन्यायाचे वाटते. शिकवण्याच्या दृष्टीने तो श्लेझिंगच्या नळीचा सख्खा भाऊ आहे. त्याला तीन ते पाच मिलिमीटरची खडी दोन-अडीच इंच जाडीने घालावी लागते. नदीची बारीक वाळू घातली तर तो गच्च होतो. खडीवर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहावेत. फेस आला तर तिच्यात चुना आहे आणि ती पाणी कठीण करील. त्याचा खरा दोष वेगळा : घाण पट्टीखाली दृष्टीआड साचते, आणि ती नळीने ओढून काढायचा कंटाळा केला की दोन वर्षांनी टाकी अचानक बिघडते. खोदणारे मासे असतील तर तो नकोच.

उरला स्पंज फिल्टर, सर्वांत स्वस्त आणि दुकानात सर्वांत मागे ठेवलेला. एअर पंपाची हवा नळीतून वर चढते आणि स्पंजातून पाणी ओढले जाते. बुडबुडे पाण्याला ढकलत वर नेतात असे मुले सांगतील. खरे कारण असे की नळीतले हवा-पाण्याचे मिश्रण बाहेरच्या पाण्यापेक्षा हलके होते आणि बाहेरचे जड पाणी त्याला वर लोटते. आर्किमिडीजचा धडा येथे चोवीस तास चालू असतो. वीज गेली तरी स्पंज टाकीच्या पाण्यातच असतो, त्यामुळे त्यावरची वस्ती तग धरते. ४ वॅटचा एअर पंप महिन्याला तीन युनिटच्या आत चालतो. २५ वॅटचा पंप १८ युनिट खातो. पाणी काचेसारखे चमकदार ठेवणे स्पंजला तितकेसे जमत नाही, आणि म्हणूनच बहुधा तो विकला जात नाही. दोन फुटी टाकी, लहान मासे आणि शाळेची तिजोरी, या तिन्हींचा विचार करता आमची पसंती दोन स्पंजांना आहे. एक या महिन्यात पिळायचा, दुसरा पुढच्या. एअर पंप मात्र पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा किंवा नळीत उलट प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह बसवावा. नाहीतर वीज जाताच पाणी वक्रनळीच्या तत्त्वाने नळीतून पंपात उतरते.

कोकणातल्या पाण्याची गोष्ट राहिली होती. नायट्रीकरणात आम्ल तयार होते. १ मिलिग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे ७ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता खर्ची पडते. आपल्या टाकीत ती लिटरमागे रोज साडेचार मिलिग्रॅम. मृदू पाण्यात मुळात क्षारताच कमी, ती दोन-तीन आठवड्यांत संपते, सामू घसरतो आणि जिवाणूंचे काम मंदावते. फिल्टर धडधाकट असतानाही टाकी बसते. येथे महाग फिल्टर काही करू शकत नाही. खडीत थोडे शिंपले मिसळणे आणि नियमित पाणी बदलणे हाच उपाय.

पाणी बदलण्याला तर कोणताही फिल्टर पर्याय नाही. रोजच्या ३२ मिलिग्रॅमचे शेवटी नायट्रेट होते, आणि आठवड्याला ते लिटरमागे जवळजवळ २० मिलिग्रॅम भरते. पाणवनस्पती त्यातले काही घेतील, बाकीचे आपण बादलीने काढायचे. दर आठवड्याला पाव टाकी, क्लोरीन घालवलेले पाणी घालून.

शाळांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. अनेक शाळांत शनिवारी दुपारी शिपाई मेन स्विच बंद करतो तो सोमवारी सकाळी सुरू होतो. चाळीस-बेचाळीस तास कोणताच फिल्टर चालत नाही. टाकीसाठी स्वतंत्र जोडणी मिळत असेल तर प्रश्न मिटला. मिळत नसेल तर फिल्टरच्या किमतीत न अडकता थोरल्या वॉरिंग्टनकडे वळावे : दोन फुटी टाकीत पाच-सहा गप्पी किंवा झेब्रा मासे, व्हॅलिस्नेरियाची दाट लागवड, खिडकीजवळचा पण थेट उन्हाचा नसलेला उजेड, आणि शनिवार-रविवार उपास. निरोगी मासे दोन दिवस न खाता सहज राहतात, आणि खाद्य नाही तर अमोनियाही अगदी थोडा.

टाकी जूनमध्ये शाळा उघडताच मांडावी. पहिले पाच-सहा आठवडे मासे न आणता रोज चिमूटभर खाद्य टाकावे आणि मुलांकडून अमोनिया व नायट्राइट मोजून घ्यावे. नेस्लर अभिकारकात पारा असतो, तो शाळेत टाळून सॅलिसिलेटवर आधारलेला संच वापरावा. आधी अमोनिया चढेल आणि उतरेल, मग नायट्राइट चढेल आणि उतरेल. दोन्ही शून्यावर आले आणि सलग आठवडाभर तेथेच राहिले, की मुलांना दुकानात न्यावे आणि पहिले दोन मासे आणावेत. उरलेले पंधरा दिवसांनी.